आधी निदान, मग करणी : नागपूरच्या घराची दुरुस्ती आपल्या हातानं

महाल, इतवारी, पाचपावलीत कवेलूची घरं होती तेव्हा दुरुस्तीचा मुहूर्त ठरलेला असायचा. पावसाआधी छपरावर चढून कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, बल्ल्यांना वाळवी लागली आहे का ते पाहायचं आणि मातीच्या भिंतींना पोतारा द्यायचा. मग स्लॅब आला, आणि घर एकदा बांधलं की झालं, असा समज घेऊन आला. वार्षिक काम थांबलं. आता छतावर ओलीचा नकाशा उमटतो किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघते, तेव्हाच आपण मिस्त्रीला फोन करतो. तो येतो, भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "काही नाही साहेब, पुट्टी मारली की झालं." पुढच्या पावसात तोच नकाशा दीड हात पुढे सरकलेला असतो.

चूक पुट्टीची नसते. निदान न करता औषध दिलं, ही चूक असते. घरातल्या निम्म्याअधिक किरकोळ दुरुस्त्या घरच्या माणसाला करता येतात. उरलेल्या करता आल्या नाहीत तरी त्या कशामुळे उद्भवल्या हे नक्की शोधता येतं. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. पेन्सिल, काचेची पट्टी, प्लास्टिकचा तुकडा, बादली आणि थोडा धीर एवढं पुरतं. आपलं घर कोणत्या मातीवर आणि कोणत्या उन्हात उभं आहे, हे मात्र ठाऊक हवं.

माती, ऊन आणि पाणी

नागपूर हे दख्खनच्या बेसाल्टी पठाराच्या पूर्व कडेवर वसलेलं शहर. पश्चिमेकडच्या भागात काळा पाषाण आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. पूर्वेकडे गेलं की जुना नाइस खडक, आणि कामठीच्या बाजूला वाळूखडक. कामठीजवळच्या त्या खडकाला भूविज्ञानात त्या गावाचंच नाव मिळालं आहे. एकाच मिस्त्रीनं, एकाच नकाशानं बांधलेली दोन घरं शहराच्या दोन टोकांना वेगवेगळी वागतात, याचं एक मोठं कारण पायाखालची ही जमीन आहे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्या मिटतात, ही हालचाल आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तीच हालचाल घराच्या पायाखालीही होते. फरक इतकाच, की घराच्या मधोमध खालची माती झाकलेली असल्यानं ओलावा टिकून राहतो आणि कडेची माती भिजते-वाळते. घर एका बाजूनं उचललं जातं, दुसऱ्या बाजूनं बसतं, आणि विटांची भिंत हा ताण सोसत नाही.

दुसरं कारण ऊन. नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही, आणि डिसेंबर 2018 मध्ये तो 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. स्लॅबचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच अधिक तापतो; मेच्या दुपारी तो साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. काँक्रीट दर अंशाला साधारण लांबीच्या एक लक्षांश भागानं वाढतं. म्हणजे दहा मीटर लांबीचा स्लॅब थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत चार-साडेचार मिलिमीटर लांबतो. खालची भिंत सावलीत असल्यानं तेवढी वाढत नाही. म्हणूनच वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात, तिथे आडवी भेग हमखास दिसते.

तिसरं कारण पाणी. वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे जेमतेम चार महिन्यांत कोसळतो. उन्हानं फटी उघडाव्यात आणि पावसानं त्यांतून आत शिरावं, असा हा जोडधंदा आहे.

भेग वाचायची कशी

भेग दिसली की पहिला प्रश्न : ती जिवंत आहे की मेलेली? म्हणजे अजून वाढते आहे की एकदा पडून थांबली आहे? भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग भेगेच्या मध्यावर रंग खरवडून, मिस्त्री वापरतात ती जुनी युक्ती करा : काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की चिकटवा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. काळ्या मातीवरच्या घरासाठी एक उन्हाळा आणि एक पावसाळा असं पूर्ण चक्र पाहावं. त्याआधी बुजवलेली भेग पुन्हा उघडण्याचीच शक्यता अधिक.

भारतीय मानक ब्युरोनं 1984 मध्ये इमारतींच्या भेगांवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली. तिच्यात एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती रुंद, अशी साधी वर्गवारी आहे. पण रुंदीइतकंच महत्त्व दिशेला आहे. छपाईवर जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा बहुधा छपाई लवकर सुकल्याच्या. त्या दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ उभी भेग दोन पदार्थ वेगवेगळे आकसल्यामुळे पडते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. बीम किंवा कॉलमवरची कुठलीही भेग, आणि भिंतीच्या आरपार जाणारी भेग, इंजिनीअरला दाखवायची. तिथे आपली करणी चालवायची नाही.

निरुपद्रवी भेग स्वतः बुजवता येते. छन्नीनं ती इंग्रजी 'व्ही'च्या आकारात थोडी रुंद करा, ब्रशनं धूळ काढा आणि लवचीक अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर भरा. नुसतं सिमेंट भरू नका. सिमेंट ताठ असतं आणि भिंत हलली की कडेनं पुन्हा सुटतं. कॉलम-भिंतीच्या सांध्यावर छपाई खरवडून दोन्ही बाजूंना वीतभर जाळी ठोकावी आणि मग पुन्हा छपाई करावी.

पायाकडे बोट दाखवणाऱ्या भेगेवरचा घरगुती इलाज भिंतीत नसून घराभोवतीच्या जमिनीत आहे. मातीचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा ठेवायचा. घराभोवती किमान मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा असावा. छतावरचं पाणी पाइपानं थेट भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नये, नालीपर्यंत न्यावं. कूलरचं सांडपाणी आणि बागेचं पाणी एकाच कोपऱ्यात जिरवू नये. पिंपळ, वड, निलगिरी यांसारखी पाणी शोषणारी झाडं पायाला खेटून लावू नयेत. नवं घर किंवा नवी खोली बांधणार असाल तर इंजिनीअरशी अंडर-रीम्ड पाइल्सबद्दल बोला. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच विकसित केलेले हे खांब मातीच्या हलत्या थराखाली जातात आणि तळाशी खांबाच्या साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा घेऊन पक्के बसतात.

गच्ची : एप्रिलमधलं काम

गळतीची दुरुस्ती जुलैत सुरू करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. ओल्या स्लॅबवर कुठलंही वॉटरप्रूफिंग नीट धरत नाही. हे काम एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरकावं, आणि त्याची सुरुवात झाडूनं करावी. कडुलिंबाचा पाला, पतंगाचे तुकडे, जुन्या कूलरच्या ताट्यांचं गवत असा सगळा ऐवज पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाशी साठलेला असतो. तोंडावर जाळी बसवा. बहुतेक गळती इथेच, तुंबलेल्या पाण्यातून सुरू होते.

मग पाण्याची परीक्षा. पाइपाचं तोंड ओल्या कापडानं बंद करून गच्चीच्या एका भागात ओल्या मातीचा बांध घाला, इंच-दीड इंच पाणी भरा आणि दोन दिवस खालच्या छतावर लक्ष ठेवा. भाग बदलत गेलं की गळती नेमकी कुठून आहे ते कळतं. पाणी जिथे शेवटपर्यंत साचून राहतं तिथे उतार चुकलेला आहे. शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर एवढा तरी उतार हवा.

पाणी गच्चीच्या मधोमध क्वचितच शिरतं. ते शिरतं कडेनं : पॅरापेटची भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, पाइपाच्या तोंडाभोवतून, टाकीच्या ओट्याखालून, डिश अँटेनासाठी मारलेल्या खिळ्याच्या भोकातून. भिंत-स्लॅबच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोला फुटला असेल तर तो छन्नीनं काढून, जागा भिजवून, सिमेंटमध्ये पॉलिमर लेटेक्स मिसळून नवा मारावा. त्यावर फायबरची जाळी दाबून वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, द्यावेत. पहिला पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नको.

इथे एक इशारा. जुना ब्रिकबॅट कोबा फुटला की त्याच्यावरच नवा कोबा घालायचा सल्ला मिळतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतं. स्लॅब एका कोब्याच्या हिशेबानं बांधलेला असतो. दुसरा चढवण्याआधी पहिला काढायलाच हवा. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, हेही विसरू नये. ती बीमवर किंवा कॉलमच्या माथ्यावरच हवी, स्लॅबच्या पोटावर नको.

गच्चीचं काम झालंच आहे तर ती पांढरी करून टाका. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, कमी फैलावतो आणि भेगाही कमी पडतात. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा आखला. पुढे तिथल्या वस्त्यांत छतं पांढरी करण्याची मोहीम झाली. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. खर्च करायचा असेल तर चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग. नसेल तर भिजवलेला चुना गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक घालून, मार्चमध्ये दोन हात मारले तरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत फरक जाणवतो. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दरवर्षी मारावा लागतो. मारताना चष्मा घाला. चुना डोळ्यात जाणं ही गंभीर इजा आहे.

छत सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्यावर थेट पाय ठेवू नये. जुना पत्रा वरून मजबूत दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो. खालच्या लोखंडी आडव्यांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चालावं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याला कोरडं भोक पाडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात जातात.

कूलर आणि करंट

होळी झाली की नागपुरात कूलर उतरवले जातात. ताट्यांचं गवत किंवा वाळा बदलणं, टाकीचा गंज खरवडून आतून डांबरी रंग मारणं, बारीक भोक एम-सीलनं बुजवणं ही सगळी घरगुती कामं आहेत. पण लोखंडी पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस यांहून धोकादायक जुळणी घरात दुसरी नसते. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या धक्क्यानं माणसं जातात आणि महावितरण दरवर्षी त्याविषयी आवाहन करतं.

इथे ऋतूचा एक खोडसाळपणा आहे. अर्थिंगचं काम जमिनीतल्या ओलाव्यावर चालतं. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, त्याचा रोध वाढतो. म्हणजे कूलर सर्वाधिक चालतो त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळं झालेलं असतं. म्हणून मार्चपासून पाऊस येईपर्यंत त्या खड्ड्यात दर काही दिवसांनी बादलीभर पाणी ओतावं. कुठलाही खर्च नसलेला हा उपाय बहुतेक घरांत कुणीच करत नाही.

दुसरा उपाय आरसीसीबी. बोर्डातल्या एमसीबीवर लोक भरवसा ठेवतात, पण एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याहून कमी प्रवाहाला हात लावत नाही, आणि माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची तुलना करतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. बसवलेला असेल तर त्यावरचं 'टी' अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज गेली नाही तर तो मेलेला आहे.

बाकीचे नियम सोपे आहेत. कूलरला तीन पिनांचाच प्लग. पाणी भरताना, आत हात घालताना बटण बंद करून प्लगही काढायचा. पंपाच्या वायरला चिकटपट्टीचा जोड असेल तर वायर बदलायची. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन; खिडकीबाहेरचा स्टँड खिळ्यांवर न टांगता भिंतीच्या आरपार बोल्टनं आवळायचा किंवा जमिनीवर पायांचा स्टँड घ्यायचा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला तेवढंच साठलेलं पाणी लागतं.

विजेचं काम स्वतः कुठवर करायचं याची रेघ कायद्यानंच आखून दिली आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही तरतूद आहे : दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण जसं होतं तसंच बदलणं, ज्यानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढं सोडून बाकी सगळं वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायचं. स्विच बदलता येईल. एसीसाठी नवी लाइन ओढता येणार नाही. आणि स्विच बदलतानाही मेन बंद करून, टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर पाहून, मगच कामाच्या जागी लावावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही.

भिंतीला ड्रिल मारण्याआधी एवढं लक्षात ठेवा : स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असते, नळाच्या रेषेत पाइप असतो. या पट्ट्यांत भोक पाडायचं नाही.

नळ, टाकी आणि ओल

नळ गळतो म्हणून प्लंबर बोलावण्याआधी मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि पान्यानं वरचं डोकं खोला. जुन्या पितळी नळात रबरी वायसर असतो; तो झिजला की नळ टिपकतो. नव्या अर्ध्या फेऱ्याच्या नळात सिरॅमिक चकत्यांचं स्पिंडल असतं. ते पूर्णच बदलायचं. जुना भाग खिशात घालून दुकानात न्यायचा म्हणजे मापाची चूक होत नाही. इतवारीतल्या लोहाओळीत आणि प्रत्येक वस्तीतल्या हार्डवेअरच्या दुकानात हे मिळतं. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून गुंडाळायचा; उलटा गुंडाळला तर आवळताना तो सुटत येतो. बोअरच्या जड पाण्यामुळे नळाच्या जाळीत पांढरा थर बसला असेल तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

न दिसणारी गळती शोधायला दोन युक्त्या. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपायचा आणि सकाळी पाहायचा. तो पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. फ्लशच्या टाकीत होळीचा उरलेला रंग चिमूटभर टाकायचा आणि पाव तास फ्लश करायचा नाही; भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप बदलायची.

भिंतीवरची ओल बाहेरून येते की घरातल्या दमट हवेची आहे, हे कळायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतं आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही. ओल खालून दोन-तीन फुटांपर्यंत चढून थांबली आणि वर पांढरा लोणा फुटला असेल तर ती जमिनीतून येते आहे. तीच ओल न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर डागासारखी असेल तर पाइप किंवा फरशीचे सांधे तपासा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही. धुतलं की तो विरघळून पुन्हा आत शिरतो. उगम बंद केल्यावर भिंतीला एक हिवाळा सुकू द्या, मगच रंग लावा.

महालातल्या जुन्या वाड्यांसारख्या चुन्यात बांधलेल्या भिंती असतील तर सिमेंटची छपाई टाळा. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट अडवतं आणि पाणी आत साठून विटा सडतात. तिथे दुरुस्तीही चुन्यातच करावी.

22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करायचा, आणि पाणी ओसरल्यावर बुडालेले सॉकेट इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत. खालची छपाई भुसभुशीत झाली असेल तर ती तेवढीच काढून विटा उघड्या सुकू द्यायच्या.

करणी हातात घेताना

छोटंसं सिमेंटकाम करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखा काळ नाही. गोणी घेताना छापलेला आठवडा-महिना पाहा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद लक्षणीय घटते. रेतीची परीक्षा बाटलीत होते : काचेची बाटली निम्मी रेतीनं, वर पाण्यानं भरून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असेल तर रेती धुऊन घ्या. बाहेरच्या छपाईला एक भाग सिमेंटला चार भाग रेती आणि आतल्या छपाईला सहा भाग, असं प्रमाण चालतं. मोजायला एकच बादली वापरा, घमेल्याचा अंदाज नको. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा. ताठलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणं ही सर्वांत महाग काटकसर आहे.

खरी चूक नंतर होते, पाणी मारण्यात. काँक्रीटविषयीचं भारतीय मानक, आयएस 456, साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं. कोरड्या-गरम हवेत किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस. मिश्र सिमेंटसाठी चौदा दिवसांची शिफारस आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोण्या औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेल्या सिमेंटच्या असतात, आणि हवा आपली कोरडी-गरम. म्हणजे नागपूरकरांसाठी सात दिवसांचा नियम मुळातच लागू नाही. पोती भिजवून त्या जागेवर बांधा, ती वाळू देऊ नका. नव्या छपाईवर रंगासाठी महिनाभर तरी थांबा.

कुठे थांबायचं

स्लॅबच्या पोटाची छपाई फुगली असेल तर हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहा. पोकळ आवाज, गंजाचे तांबूस डाग किंवा उघडी सळई दिसली तर थांबा. लोखंड गंजताना मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतं आणि काँक्रीट फोडतं. वरून लिंपलेलं सिमेंट पुन्हा पडणार, कदाचित कुणाच्या डोक्यावर. कॉलम-बीम खोदून पाइप नेणं, दोन खोल्यांमधली भिंत पाडणं, सज्ज्यावर खोली काढणं ही कामं इंजिनीअरच्या सहीशिवाय आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय करायचीच नाहीत.

फ्लॅट असेल तर हातोडी उचलण्याआधी कागद काढा. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोटो काढून लेखी कळवा, मग वाट पाहा. आधी स्वतः लिंपलं तर पुरावाच बुजतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत, आदर्श उपविधींप्रमाणे, गच्चीतून आणि सामाईक पाइपातून येणारी गळती संस्थेनं आणि आपल्या न्हाणीघराची, सिंकची गळती सदस्यानं दुरुस्त करायची असते. पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांहून जुनीला दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी त्याच उपविधींत सांगितली आहे. नागपुरातल्या अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात. तिथे घोषणापत्रात काय लिहिलं आहे ते आधी वाचावं लागतं.

या सगळ्याची एक वही ठेवा. कोणती भेग कधी दिसली, गच्चीला कोणता लेप कोणत्या तारखेला दिला, मेन कॉक कुठे आहे, लपलेल्या पाइपांचे बांधकामाच्या वेळचे फोटो कुठे आहेत. ठिय्यावरून आणलेला कारागीर हुशार असतो, पण तो तुमचं घर पहिल्यांदाच पाहतो आणि त्याला संध्याकाळपर्यंत काम संपवायचं असतं. "भाऊ, पुट्टी मारून द्या" असं सांगितलं तर तो पुट्टीच मारेल. "ओल मागच्या पाइपातून येते, मी तपासलं आहे, आधी तो बदला, छपाई मग पाहू" असं सांगितलं तर तो तसं काम करेल, आणि दरही त्याच कामाचा लावेल.

सुरुवात या रविवारी करता येईल. गच्ची झाडा, मीटरचा आकडा टिपा, आरसीसीबीचं बटण दाबून पाहा आणि सर्वांत जुन्या भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं आजची तारीख लिहा. या चारही कामांना मिळून तासभर पुरतो.